ईडीची गोळी आणि मेडिक्लेम: पैसे मिळतात का?

(या आठवड्याच्या एपिसोडचा मजकूर. बोलण्यातली वाक्यं फारशी न बदलता दिली आहेत.)

आजचा विषय ईडी. थांबा, कुठे छापा पडलेला नाही आणि कुठल्या पुढाऱ्याचं नावही येणार नाही. आपली ईडी म्हणजे इरेक्टाइल डिसफंक्शन. साध्या मराठीत सांगायचं तर संबंधाच्या वेळी लिंगाला ताठरता न येणं, किंवा आलेली न टिकणं. बसमध्ये ऐकत असाल तर हेडफोन नीट लागलाय ना तेवढं बघा.

प्रश्न आलाय चाकणकडच्या एका श्रोत्याचा. वय 32, कारखान्यात नोकरी, कंपनीची ग्रुप पॉलिसी. तो विचारतो, "डॉक्टरांनी गोळी लिहून दिलीय. मेडिकलचं बिल लावलं तर पैसे मिळतील का? आणि लावलं तर एचआरला कळेल का?" नाव सांगायचं नाही असं त्याने तीनदा लिहिलंय. नाही सांगणार, भावा.

आता मी पूर्वी काही वर्षं मेडिक्लेमचे क्लेम तपासायच्या कामात होतो. त्यामुळे हे बोलणं थोडं टेबलाच्या पलीकडच्या बाजूनेही आहे.

उत्तर आधीच देतो. बहुतेक पॉलिसींमध्ये या गोळीचे पैसे मिळत नाहीत. पण त्याचं कारण लोकांना वाटतं ते नसतं. आणि पैसे मिळत नाहीत म्हणून गोष्ट लपवून ठेवायची, हे मात्र फार महागात पडू शकतं. खिशालाही आणि जिवालाही.

आधी कारण बघू. आपल्याकडचा मेडिक्लेम मुळात हॉस्पिटलात भरती होण्यासाठी बनलेला आहे. तुम्ही ॲडमिट झालात, ऑपरेशन झालं, डे-केअरमध्ये काही केलं, तर तो खर्च. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या ठराविक दिवसांतल्या तपासण्या आणि औषधं. बस. डॉक्टरला दाखवलं, चिठ्ठी घेतली, मेडिकलमधून गोळ्या आणल्या, घरी गेलो, हे सगळं झालं ओपीडी. साध्या पॉलिसीत ओपीडी बसत नाही. मग गोळी बीपीची असो, थायरॉईडची असो की ही असो. म्हणजे विमा कंपनीने तुमच्या बेडरूमकडे बघून नाक मुरडलेलं नाही. तुमच्या वडिलांच्या बीपीच्या गोळ्यांनाही ती हेच उत्तर देते.

याच्या खाली आणखी एक थर आहे. काही पॉलिसींच्या अपवादांच्या यादीत लैंगिक दुर्बलतेवरचे उपचार नाव घेऊन वगळलेले असतात. तिथे तुम्ही वेगळे पैसे भरून ओपीडी कव्हर घेतलं तरी गोळीसाठी उपयोग नाही. हे कसं तपासायचं? 1 जानेवारी 2024 पासून प्रत्येक आरोग्य पॉलिसीसोबत ठराविक नमुन्यातलं ग्राहक माहितीपत्रक द्यावं लागतं. काय मिळतं, काय मिळत नाही, थांबायचा काळ किती, सगळं सोप्या भाषेत. ते आधी वाचा. मग पूर्ण पॉलिसीची पीडीएफ उघडा आणि त्यात इरेक्टाइल, सेक्शुअल, इम्पोटन्स हे शब्द इंग्रजीतून सर्च करा. पाच मिनिटांचं काम आहे.

एक बारीक गोष्ट. विमा नियामक, म्हणजे आयआरडीएआय, यांनी काही अपवादांची भाषा ठरवून दिलीय आणि त्यांना क्रमांक दिलेत. 17 क्रमांकाचा अपवाद वंध्यत्वाचा आहे. मूल होण्यातली अडचण आणि ताठरतेची अडचण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नकाराच्या पत्रात नुसतं 17 लिहून आलं, तर तो इथे कसा लागू होतो हे लेखी विचारा.

आणि मित्रमंडळींचा तो एक हमखास सल्ला असतो ना, "एक दिवस ॲडमिट हो, सगळ्या टेस्ट करून घे, क्लेम टाक", तो विसरा. 4 क्रमांकाचा अपवाद बरोब्बर त्यासाठीच आहे. फक्त तपासणीसाठी भरती झालात तर पैसे नाहीत. असा क्लेम टेबलावर आला की अर्ध्या मिनिटात ओळखू येतो. ॲडमिशनच्या कागदावर सलाईनसुद्धा नसतं हो.

आता थोडं बाहेर जाऊन येऊ, कारण या गोळीचे पैसे कुणी द्यायचे हे भांडण आपल्याकडे सुरू झालेलं नाही. ते सुरू झालं अमेरिकेत. फायझर कंपनी सिल्डेनाफिल नावाचं रसायन हृदयाच्या दुखण्यासाठी, अंजायनासाठी तपासत होती. त्याचा वेगळाच परिणाम लक्षात आला आणि 27 मार्च 1998 ला तिथल्या औषध प्रशासनाने ताठरतेच्या समस्येसाठी त्याला मान्यता दिली. तीच व्हायग्रा. आणि लगेच विमा कंपन्यांपुढे प्रश्न, याचे पैसे द्यायचे का? दिले तर महिन्याला किती गोळ्यांचे? कुणी सहा गोळ्यांवर बोट ठेवलं, कुणी सरळ नाही म्हटलं.

मग बायकांनी विचारलं, आणि अगदी बरोबर विचारलं, की पुरुषांच्या या गोळीला पैसे मिळतात, मग आमच्या गर्भनिरोधक गोळ्यांना का नाही? तो वाद कोर्टापर्यंत गेला. 2001 मध्ये सिॲटलच्या एका फेडरल कोर्टाने निकाल दिला की कर्मचाऱ्यांच्या विम्यात बाकीची औषधं देऊन गर्भनिरोधकं तेवढी वगळणं हा भेदभाव आहे. पुढे 2005 च्या कायद्याने वृद्धांसाठीच्या सरकारी मेडिकेअरच्या औषध योजनेतून ईडीची औषधं बाहेर काढली. 2007 पासून ते लागू झालं.

पण गंमत पुढे आहे. हेच सिल्डेनाफिल फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांमधला दाब वाढतो त्या आजारावरही चालतं. त्या आजारासाठी दिलं तर मेडिकेअरच्या औषध योजनांमधून त्याचे पैसे मिळू शकतात, ईडीसाठी दिलं तर नाही. औषध एकच. पैसे मिळतात ते त्याच्यापुढे लिहिलेल्या आजाराच्या नावावर.

ब्रिटनमध्ये वेगळं झालं. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने 1999 मध्ये यादी केली. मधुमेह, पार्किन्सन, प्रोस्टेटचा कॅन्सर वगैरे असेल तरच गोळी सरकारी खर्चाने, बाकीच्यांनी स्वतः विकत घ्यायची. मग पेटंट संपलं, जेनेरिक आलं, किंमत उतरली, आणि 2014 मध्ये जेनेरिक सिल्डेनाफिलवरचं हे बंधन काढून टाकलं. औषध स्वस्त झालं आणि वादातली हवाच गेली.

आपल्याकडे तर ते सुरुवातीपासूनच स्वस्त. 2005 पर्यंत भारतात औषधाच्या रसायनावर पेटंट मिळत नव्हतं. त्यामुळे फायझरची व्हायग्रा इथे दुकानात येण्याच्या बरीच आधी भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आलेल्या होत्या. आजही चांगल्या कंपनीची जेनेरिक गोळी साधारण वडापाव आणि चहाच्या हिशेबात बसते.

म्हणून आता आकडेमोड करू. आकडे समजण्यापुरते धरलेत. समजा गोळी 40 रुपयांची आणि महिन्याला चार लागतात. महिन्याचे 160, वर्षाचे 1,920. आता कुणी तुम्हाला 4,000 रुपये जादा प्रीमियम घेऊन 5,000 रुपयांचं ओपीडी कव्हर विकतोय. फक्त गोळीसाठी ते घेणं म्हणजे रिक्षाचे पैसे वाचवायला गाडी भाड्याने घेण्यासारखं आहे. वर्षभर डॉक्टरची फी, रक्त तपासण्या, समुपदेशन हे सगळं वापरणार असाल तर विचार करा. मग त्यात फार्मसी आहे का, मानसोपचाराचा सल्ला धरतात का, थांबायचा काळ किती, हे विचारा.

मानसोपचार का म्हणतोय? कारण तरुण वयात ताण, भीती, पहिल्या वेळचं दडपण, जोडीदाराशी अबोला, यांचा वाटा मोठा असू शकतो. सकाळी उठताना ताठरता नीट येते आणि संबंधाच्याच वेळी अडतं, असं असेल तर डॉक्टर बहुतेक त्या दिशेने बघतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरलं पाहिजे. म्हणजे तुमच्या पॉलिसीत ओपीडी असेल तर केवळ मानसोपचारतज्ज्ञाची फी आहे म्हणून बिल परत पाठवता येत नाही. मुळात ओपीडीच नसेल, तर अर्थात दोन्हीचे मिळत नाहीत. पैशांची अडचण असेल तर 14416 हा सरकारी टेली-मानसचा मोफत नंबर आहे.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. इथे जरा नीट ऐका.

ताठरता म्हणजे शेवटी रक्तपुरवठा. लिंगाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात. रक्तवाहिन्या आतून खराब व्हायला लागल्या की त्रास आधी बारीक नळीत दिसतो. त्यामुळे काही जणांमध्ये ईडी ही हृदयाच्या दुखण्याच्या दोन-तीन वर्षं, कधी त्याहूनही आधी आलेली सूचना असते. सगळ्यांत नाही. पण बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, सिगारेट, तंबाखू, वाढलेलं पोट यांपैकी काही असेल, तर ती सूचना वाचलीच पाहिजे. मधुमेहाचं तर असं आहे की कधीकधी माणूस ईडीसाठी डॉक्टरकडे जातो आणि शुगर तिथे पहिल्यांदा सापडते.

म्हणून चाकणच्या मित्रा, तुझ्या डॉक्टरांनी गोळी दिली हे ठीक. पण शुगर तपासली का? बीपी मोजलं का? लिपिड प्रोफाइल, गरज असेल तर सकाळचं टेस्टोस्टेरॉन? तू आधीपासून घेतोस त्या औषधांबद्दल विचारलं का? बीपीची काही औषधं, नैराश्यावरची काही औषधं आणि केस गळतीवर देतात ते फिनास्टेराइड, यांनीही हा त्रास होऊ शकतो. ऐकताय म्हणून कुठलंही औषध आपल्या मनाने बंद करू नका हां. डॉक्टरला विचारून.

आणि इथे तुमची पॉलिसी कामाला येते. बऱ्याच पॉलिसींमध्ये वर्षातून एकदा किंवा ठराविक वर्षांनी मोफत हेल्थ चेकअप असतं. लोक ते वापरतच नाहीत, आणि त्यात शुगर, कोलेस्टेरॉल बहुधा असतंच. नसेल आणि स्वतःच्या खर्चाने चेकअप केलंत, तर जुन्या करप्रणालीत 5,000 रुपयांपर्यंतचा प्रतिबंधात्मक तपासणीचा खर्च दाखवता येतो. रोख दिला असला तरी. गोळीचे 160 रुपये राहू द्या, हे घ्या.

आता लपवण्याबद्दल. चिठ्ठीशिवाय गोळी मागवणारे खूप आहेत. लोकलच्या डब्यात चिकटवलेले गुप्तरोगाचे कागद बघून फोन करणारेही आहेत. खरं तर लैंगिक शक्ती वाढवणाऱ्या औषधांच्या जाहिरातींवर 1954 च्या कायद्यानेच बंदी आहे, तरी ते कागद चिकटलेले असतात. "शंभर टक्के आयुर्वेदिक" लिहिलेल्या पुड्यांमध्ये न सांगता सिल्डेनाफिल मिसळल्याची प्रकरणं जगभर सापडलीत. म्हणजे तुम्हाला वाटतं जडीबुटी घेतली, आणि पोटात गेलेलं असतं हेच औषध, किती मात्रेत ते देव जाणे.

याचा धोका सांगतो. छातीत दुखलं की आपल्याकडे घरातलंच कुणीतरी आजोबांच्या डबीतली सॉर्बिट्रेट काढून जिभेखाली ठेवतं. ते नायट्रेट आहे. सिल्डेनाफिल घेतल्यावर 24 तासांत, किंवा टाडालाफिल घेतल्यावर 48 तासांत नायट्रेट पोटात गेलं, तर रक्तदाब इतका खाली येऊ शकतो की जीव जाईल. गोळीबद्दल बायकोला माहीत नाही, आईला माहीत नाही, कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला कुणी सांगत नाही. म्हणून नियम एकच. छातीत दुखत असेल तर डॉक्टर विचारोत न विचारोत, पहिलं वाक्य हे, "मी अमुक वेळेला ही गोळी घेतलीय." आणि ज्यांना नायट्रेट आधीच चालू आहे, त्यांनी ही गोळी घ्यायचीच नाही.

यावर लोक मला विचारतात, असं सांगितलं तर क्लेम अडकेल ना? हृदयविकाराचा क्लेम केवळ "पेशंटने ईडीची गोळी घेतली होती" एवढ्यावर नाकारावा, असं त्या प्रमाणित अपवादांच्या यादीत काही नाही. क्लेम अडकतो तो दुसऱ्या लपवाछपवीवर. पॉलिसी घेताना शुगर आहे हे लिहिलं नाही. एजंट म्हणाला, "साहेब, नो टिक करा, प्रीमियम वाढेल." मग हार्ट ॲटॅकला ॲडमिट झाले आणि घाबरलेल्या भावाने केस पेपरवर सांगितलं, "पाच वर्षांपासून शुगर आहे." ती एक ओळ मी अनेक फायलींमध्ये वाचलीय. तिथून पत्रव्यवहार सुरू होतो.

त्यामुळे प्रपोजल फॉर्म स्वतः वाचून भरा. आजार विचारला तर आजार लिहा, नियमित औषधं विचारली तर ही गोळीसुद्धा लिहा. लाजण्यासारखं काही नाही, समोर वाचणारा दिवसाला असे कितीतरी फॉर्म वाचतो. आता नियमही पूर्वीपेक्षा बरे आहेत. 2024 पासून आधीपासूनच्या आजारासाठी थांबायला लावण्याची कमाल मर्यादा 36 महिने आहे, आधी ती 48 होती. आणि सलग 60 महिने पॉलिसी चालू राहिली की माहिती लपवली या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. म्हणजे शुगर खरी लिहिलीत तर फार तर तीन वर्षं थांबाल. खोटं लिहिलंत तर पाच वर्षं जीव मुठीत धरून बसाल, आणि त्यानंतरही फसवणुकीचा प्रश्न उरतोच. केस पेपरवर चुकीचा काळ लिहिला गेला असेल, तीन महिन्यांच्या जागी तीन वर्षं वगैरे, तर डिस्चार्जच्या आधी डॉक्टरांकडून सहीनिशी दुरुस्त करून घ्या.

आता एचआर. ग्रुप पॉलिसीत क्लेम टीपीएकडे जातो, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडे. रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणं टीपीएवर नियमाने बंधनकारक आहे. पण तुम्ही बिल एचआरच्या मेलवर पाठवलंत तर एचआर ते वाचणार, हे गृहीत धरा. टीपीएचं ॲप असेल तर थेट तिथे अपलोड करा. आणि खरं सांगू? 160 रुपयांच्या बिलासाठी ही काळजी घ्यायचीच कशाला. क्लेमची ताकद मोठ्या खर्चासाठी राखून ठेवा.

मोठा क्लेम चुकीच्या कारणाने नाकारला गेला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. मुंबईत आहे, पुण्यात आहे. फी नाही, वकील नाही, 50 लाखांपर्यंतचं प्रकरण चालतं. कंपनीच्या अंतिम नकारानंतर एका वर्षाच्या आत जायचं, एवढं लक्षात ठेवा.

जाता जाता एक. मराठीत या विषयावर बोलणं आज सुरू झालेलं नाही. र. धों. कर्व्यांनी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं, वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यात उत्तरं दिली आणि त्यापायी खटले झेलले. 1934 च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तेव्हा उत्तर छापलं म्हणून कोर्टात जावं लागत होतं. आपल्याला फक्त डॉक्टरसमोर एक वाक्य बोलायचंय.

तर या आठवड्यात तीन कामं. पॉलिसीची पीडीएफ उघडून अपवाद बघा. मोफत चेकअप असेल तर तारीख घ्या. आणि गोळी घेत असाल तर घरातल्या एका तरी विश्वासाच्या माणसाला ते माहीत असू द्या. बायको, भाऊ, मित्र, कुणीही.

हा एपिसोड कुणाला पाठवायचा असेल आणि संकोच वाटत असेल, तर "मेडिक्लेमबद्दल आहे, ऐक" एवढंच लिहून पाठवा. खोटंही नाही ते. तुमचे प्रश्न येऊ द्या, नावं आमच्याजवळच राहतील. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या.